खंडेनवमीची काडतुसं

१

पुष्करचा उजवा डोळा गेला त्याला सहा आठवडे झाले होते, आणि तेवढ्या वेळात इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावातल्या मराठी मंडळींनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता. आमच्या लोकांना निकाल लावायला पुरावा लागत नाही, चहा आणि चकली पुरते.

घडलं ते असं. चार ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी, पुष्कर रायफल क्लबच्या रेंजवर पहिल्या स्पर्धेसाठी उतरला. तीन गोळ्या नीट सुटल्या. चौथ्या वेळी रायफलचा मागचा भाग फुटला आणि त्याच्या तोंडावर आला. शुद्धीवर आल्यावर त्याने पोलिसांना सांगितलं की काडतुसं मुरलीधरकाकांनी भरून दिली होती.

मुरलीधर सबनीस म्हणजे माझी मैत्रीण श्यामला हिचे यजमान. वय एकाहत्तर, निवृत्त इंजिनिअर. झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच टाकून न देता त्यात नवी दारू आणि नवी गोळी भरायची, हा त्यांचा तीस वर्षांचा छंद. इथे परवाना असेल तर हे घरच्या गॅरेजमध्ये करता येतं. पंधरा वर्षं ते दर शनिवारी नवशिक्यांना फुकट शिकवत होते. आता पोलिसांनी रायफली नेल्या, दारू नेली, परवाना काढून घेतला. खटला भरायचा की नाही याचा निर्णय डिसेंबरात व्हायचा होता.

श्यामलाचा मला वॉटफर्डच्या घरी फोन आला तो मात्र खटल्यासाठी नव्हता.

"सुनेत्रा, हे म्हणतात, मीच दिली असतील, हल्ली आठवत नाही," ती म्हणाली. "अगं, कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाची कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची हे अख्खी गल्ली यांना विचारते. हे विसरतील? आमच्या लेकाने मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीय. घर विकायचं म्हणतोय. तू ये आणि काय ते बघ. यांचं नाव गेलं तर हे राहणार नाहीत."

मी काही डिटेक्टिव्ह नाही. एकतीस वर्षं मी कौन्सिलच्या वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. खाटकांचे काटे, सोनारांचे काटे, पेट्रोलचे पंप. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती ही की काटा कधी आपण होऊन खोटं बोलत नाही. त्याला कोणीतरी लागतं. मी गाडी काढली.

२

मुरलीधररावांनी दार उघडलं आणि मला न बघितल्यासारखं करून आत गेले. एरवी हा माणूस माझ्याशी पाव ग्रॅमच्या चुकीवरून तासभर वाद घालायचा.

गॅरेजच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरात इंग्रजी यादी चिकटवलेली होती, नवशिक्याला लागणाऱ्या सात वस्तूंची. पहिलं नाव पुस्तकाचं, कारण कुठल्या गोळीला किती दारू हे पुस्तकात बघायचं, मित्राला विचारायचं नाही. मग कवचात गोळी दाबून बसवायचा प्रेस. कवचाला आकार देणारे डाय. दारू मोजायचा काटा. काटा खरा आहे का हे बघायची पितळी वजनं. लांबी मोजायला व्हर्नियर. सातवी वस्तू वही. खाली लाल शाईत लिहिलं होतं की पाचव्या वस्तूशिवाय चौथी वस्तू म्हणजे शोभेचं खेळणं. मला हा माणूस पहिल्यापासून याच वाक्यासाठी आवडत आला होता.

टेबलावर प्रेस, दारू ओतायचं नरसाळं आणि काटा होता. काटा जुन्या पद्धतीचा, एका बाजूला पारडं आणि दांडीवर खाचाखाचांतून सरकणारं वजन. शनिवारच्या वर्गात सगळे एकच माप भरत, म्हणून ते वजन कायम त्याच खाचेत बसवलेलं असे. दाराला नंबर दाबून उघडायचं कुलूप होतं आणि तो नंबर त्या वेळच्या तिन्ही शिष्यांना ठाऊक होता, म्हणजे पुष्कर, एक पोस्टमन आणि एक दातांची डॉक्टर.

श्यामलाने वकिलाकडून आलेली पोलिसांच्या तज्ज्ञाच्या रिपोर्टची प्रत माझ्या हातात दिली. खोक्यात वीस काडतुसं होती. चार झाडली गेली, उरलेली सोळा उघडून बघितली. सोळाच्या सोळांत दारू जास्त निघाली, आणि सगळ्यांत अगदी सारखीच जास्त. गॅरेजमधला काटा मात्र तपासणीत बरोबर निघाला. एका काडतुसात दारूबरोबर एक तांबूस कण सापडला होता, "बहुधा बियाणं किंवा लाकडाचा तुकडा". खोक्यावरचं लेबल गॅरेजमधल्याच छोट्या यंत्रातून निघालेलं होतं. ते यंत्र तारीख आपोआप छापतं, आणि छापली होती एक ऑक्टोबर.

मी रिपोर्ट दोनदा वाचला. विसरभोळा माणूस चुकला तर एका कवचात दोनदा दारू टाकेल. एखाद्यात टाकायची राहील. सोळा वेळा सारखंच चुकायला विसरभोळेपणा चालत नाही, त्याला चुकलेला काटा लागतो. आणि काटा तर बरोबर होता.

मग मी वही उघडली. बारीक अक्षर, प्रत्येक नोंदीला तारीख. मागच्या वर्षी बारा ऑक्टोबरला लिहिलं होतं, "काटा एक खाच पुढे. जागेवर आणला. वजनं लावून तपासला." असल्या नोंदी ठेवणारा माणूस मेमरी क्लिनिकमध्ये जाणार, याचा मला संताप आला. मी पुढची पानं उलटत या वर्षाच्या सप्टेंबरअखेरीपर्यंत आले.

त्यापुढचं पान फाडलेलं होतं.

३

"पान कोणी फाडलं?" मी विचारलं. श्यामलाला ठाऊक नव्हतं. पोलिसांनी फोटो काढले तेव्हाही ते नव्हतं म्हणे. मुरलीधरराव एवढंच म्हणाले की फाटलं असेल, आणि फिरायला निघून गेले.

तेवढ्यात देव आला. सबनीसांचा हा एकुलता एक, वय चौतीस, इथेच जन्मलेला. बंदुकांचा त्याला लहानपणापासून तिटकारा. कामासाठी आठवड्यातून दोन दिवस तो आईवडिलांकडे वरच्या खोलीत बसायचा, आणि एक ऑक्टोबरलाही बसला होता.

"मावशी, आय टोल्ड द पोलिस," तो म्हणाला. "त्या दिवशी आफ्टरनूनला गॅरेजचा दार वाजला. चार वाजून गेले होते, माझी कॉल चालू होती. मग तो प्रेसचा आवाज, खट खट, लाइक एक तासभर. बाबाच असणार ना, दुसरं कोण?"

"खाली जाऊन बघितलंस?"

"नाही. का बघू? बाबा नेहमीच तिथे असते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझी आईला वाटतं मी बाबाच्या अगेन्स्ट आहे. मी नाही. पण एका माणसाची डोळा गेली, मावशी. हे सगळं आता बंद झालं पाहिजे."

मी विचारलं की त्या वेळी घरात आणखी कोण होतं. कोणीच नाही. श्यामला मंडळाच्या भोंडल्याला गेली होती. मुरलीधरराव म्हणतात मी चार वाजता रेडवेवर, म्हणजे तळ्याकडच्या पायवाटेवर, चालायला गेलो होतो, पण तिथल्या बदकांनी काही तशी साक्ष दिलेली नाही.

म्हणजे घरात देव एकटा होता. बंदुका घरातून जाव्यात असं वाटणारा, कुलपाचा नंबर ठाऊक असलेला देव. श्यामला चहाचे कप उचलायला म्हणून उठली आणि कप तिथेच ठेवून ओट्याकडे गेली. माझ्या मनात आलं ते तिच्याही मनात आलं होतं, बहुधा माझ्या आधी.

४

"एक ऑक्टोबर," मी तिला विचारलं. "भोंडला होता म्हणजे नवरात्र. नवमी की काय?"

"खंडेनवमी," ती म्हणाली. "सकाळी पूजा केली होती यांनी. फोटो टाकला होता की ग्रुपवर, तू अंगठासुद्धा दिलायस."

दिला असेन. ग्रुपवरच्या फोटोंना मी न बघताच अंगठे देते.

सबनीसांकडे हत्यारांची पूजा तीन पिढ्यांची. आजोबा गनकॅरेज फॅक्टरीत फिटर होते. आदल्या दिवशी, अष्टमीला, सगळी हत्यारं घासूनपुसून स्वच्छ करायची आणि नवमीला पूजा. मग दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी श्यामलाने नवमीला भाजी चिरायला विळी घेतली, तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस नुसतं दूध घेतलं होतं.

"पुसण्याचं काम माझं," ती जरा अभिमानाने म्हणाली. "वर्षातून एकदा मला त्या टेबलाला हात लावायला मिळतो. जुन्या सुती साडीचं फडकं घेते आणि एकेक वस्तू चकचकीत करते. हे नुसते बघत उभे असतात."

मी तिला रिपोर्टमधल्या तांबूस कणाबद्दल विचारलं. पोलिसांच्या तज्ज्ञाला जे ओळखता आलं नाही ते कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. तो तांदळाचा दाणा होता. कुंकू लावलेली अक्षता नरसाळ्यात चिकटून राहिली आणि दारूबरोबर काडतुसात गेली.

म्हणजे काडतुसं भरली गेली ती पूजेनंतर, आणि लेबलवरची तारीख नवमीचीच, म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळच्या आत. तेवढ्या वेळात जगबुडी आली असती तरी मुरलीधररावांनी प्रेसला हात लावला नसता.

"म्हणजे यांनी नाही भरली," श्यामला म्हणाली. पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. कारण ज्याला खंडेनवमी म्हणजे काय हे ठाऊक नाही असा माणूस त्या दुपारी घरात एकच होता.

"सुनेत्रा," ती म्हणाली, "देव असेल तर मला सांगू नकोस."

५

देव नव्हता. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून कळलं, आणि तेही त्याच ग्रुपवरच्या फोटोंवरून.

पहिला फोटो नवमीचा, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा. प्रेस, नरसाळं, काटा, प्रत्येकाला कुंकवाचं एक बोट, वर अक्षता आणि झेंडूचं फूल. हळद कुठेच नाही. याचं कारण मला आठवलं. ओल्या हळदीने पितळेवर डाग पडतात म्हणून मुरलीधरराव हत्यारांना नुसतं कुंकू लावतात, आणि त्यावरून मंडळातल्या बायका त्यांना चिडवतात. हळद तबकात असते, वापरत कोणी नाही.

दुसरा फोटो दसऱ्याच्या संध्याकाळचा, आपट्याची पानं हातात घेतलेले नवराबायको आणि मागे तेच टेबल. मी फोटो मोठा केला. प्रेसवर आता पिवळा ठिपका होता आणि त्याच्या शेजारी लाल. काट्यावरही तसंच. आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता, फुलाचं देठ मागे.

ज्याने नवमीच्या दुपारी पूजा मोडली, त्याने ती परत मांडली होती. शिस्तीत आणि भक्तिभावाने मांडली होती, आणि ती या घरच्या रीतीने नव्हे तर स्वतःच्या घरच्या रीतीने. देवला हे सात जन्मांत जमलं नसतं. तो खंडेनवमीला "टूल्स डे" म्हणतो आणि कुंकवाला रेड पावडर. पोस्टमन आणि दातांची डॉक्टर यांचा तर प्रश्नच नव्हता. शिष्यांपैकी आईने हळद आधी लावायला शिकवलेला एकच होता.

फोन खाली ठेवता ठेवता माझं लक्ष पहिल्या फोटोतल्या काट्याकडे गेलं. एकतीस वर्षांची सवय, डोळा दांडीवर जातोच. मी फोटो आणखी मोठा केला आणि खाचा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. तेव्हा मला वाटलं की श्यामलाने मला फोन केला नसता तर बरं झालं असतं.

६

पुष्करचं घर स्टेशनजवळच्या फ्लॅटांत होतं. दार त्याच्या बायकोने, श्रद्धाने उघडलं. दोघंही पुण्याची, तीन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेली. पुष्कर खिडकीकडे पाठ करून बसला होता, उजव्या डोळ्यावर पट्टी. समोरच्या कपाटात सहा वस्तू ओळीने मांडल्या होत्या. पुस्तक, प्रेस, डाय, काटा, व्हर्नियर, वही. काटा इलेक्ट्रॉनिक, अजून प्लास्टिकमध्ये.

"पाचवी वस्तू दिसत नाही," मी म्हणाले.

"इलेक्ट्रॉनिकला लागत नाहीत काकू, सेल्फ-कॅलिब्रेट होतो तो," तो म्हणाला. प्रेस मात्र बसवता आला नव्हता, कारण घर भाड्याचं आणि एजन्सी टेबलाला भोक पाडू देईना.

मी दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले आणि अक्षतेचं सांगितलं. बाकी काही बोलले नाही. काही दुकानदार असे असतात, त्यांना आरोप केला की भांडतात आणि गप्प बसलं की सांगून टाकतात.

आधी बोलली श्रद्धा. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या बोटांना हळद होती. मी विचारलं तर म्हणालास, ऑफिसमधल्या पूजेची."

मग त्याने सांगितलं. शनिवारी स्पर्धा होती. काका म्हणत होते अजून तीन शनिवार थांब, एकट्याने भरायची तुझी तयारी नाही. नवमीला ते चार वाजता फिरायला गेले की गॅरेज रिकामं, हे त्याला ठाऊक होतं. पूजा मांडलेली बघून तो थबकला होता. पण त्याने मनातल्या मनात माफी मागितली, फुलं बाजूला काढली आणि वीस काडतुसं भरली. मग सगळं होतं तसं मांडून नमस्कार केला. पितळी वजनांची पेटी हाताशी होती, ती उघडायचं सुचलं नाही. देवाची माफी मागितली की मापाची मागावी लागत नाही, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते.

शनिवारी पहिल्या तीन गोळ्यांनंतर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, उघडायला जड गेला होता, आणि जास्त दारूची ती खूण असते. नवशिक्याला वाटलं, रायफल थंड आहे.

"आणि मग काकांचं नाव घेतलंस," मी म्हणाले.

"तर काय करणार होतो?" त्याचा आवाज चढला. "स्वतः चोरून भरली म्हटलं असतं तर क्लबचा विमा नाही, वर पोलिस केस. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा. काका सिटिझन आहेत, म्हातारे आहेत, त्यांना कोण हात लावतंय? आणि काकू, मी खोटंही बोललो नाही. माप त्यांचंच होतं. काटा त्यांनी लावून ठेवलेला, मी दांडीला बोटसुद्धा लावलं नाही. सरकता तुकडा जिथे होता तिथेच होता. आईशपथ."

मी त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघितलं. तो खरं बोलत होता, हे मला पहिल्या फोटोवरूनच ठाऊक होतं. पण मी तसं सांगितलं नाही. मी म्हणाले, काटा कोणाचाही असो, भरणाऱ्याने तपासायचा असतो, आणि यादीतलं लाल शाईतलं वाक्य तू पंधरा शनिवार वाचलंयस. जाऊन खरं सांग, नाहीतर मी सांगेन.

श्रद्धाने त्याचा कोट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

७

मुरलीधरराव मला रेडवेवर, तळ्याच्या कडेला बाकावर सापडले. मी शेजारी बसले आणि गॅरेजमध्ये काढलेले वहीतल्या तीन पानांचे फोटो माझ्या फोनवर दाखवले. दोन हजार चोवीस, बारा ऑक्टोबर. तेवीस, चोवीस ऑक्टोबर. बावीस, पाच ऑक्टोबर. तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, काटा एक खाच पुढे, जागेवर आणला.

"तिन्ही दसरे आहेत," मी म्हणाले. "फाडलेल्या पानावर हेच होतं. या वर्षीचं."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"नवमीच्या सकाळच्या फोटोत वजन एक खाच पुढे आहे, पुष्कर यायच्या सहा तास आधी. तुम्ही अष्टमीला टेबलाजवळ नुसते उभे असता. पुसते ती."

"दर वर्षी," मुरलीधरराव म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडे बघून बोलले. "दांडी डावीकडून उजवीकडे पुसते. वजन एक खाच सरकतं, टक करून. तिला ऐकू येत नाही. मला येतं. पूजेआधी कुठे पुन्हा हात लावायचा, म्हणून मी दसऱ्याला जागेवर आणतो. एका बोटाचं काम. आपण होऊन ती वर्षातून एकदाच माझ्या टेबलापाशी येते, तेव्हा तिला काय टोकायचं?"

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हॉस्पिटलचा फोन आला तेव्हाच. एक खाच पुढे म्हणजे दारू किती जास्त, ते मला पाठ आहे."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. मी म्हणाले, बायको रडतेय, मुलगा मेमरी क्लिनिक शोधतोय, सगळं गाव तुम्हाला थेरडा म्हणतंय, आणि तुम्ही पान फाडून गप्प बसलात?

"म्हातारा विसरला यात कोणाला नवल वाटत नाही," ते म्हणाले. "चार दिवस बोलतात आणि सोडून देतात. तिला कळलं तर ती सोडणार नाही. रोज त्या पोराला मुगाची खिचडी घेऊन हॉस्पिटलात जायची, माहीत आहे ना? तिच्या फडक्याने त्याचा डोळा गेला, हे तिने कुठे ठेवायचं?"

"चूक त्याची आहे. तपासायचं त्याने."

"शिकवायचं मी," ते म्हणाले. "मी त्याला यादी दिली, काट्यावर विश्वास ठेवू नको हे मनात उतरेपर्यंत थांबलो नाही. आणि ती खाच मला दहा वर्षं ऐकू येतेय. या सगळ्यात तिचा वाटा सगळ्यांत लहान आहे, सुनेत्रा, आणि तोच तिला सगळ्यांत जड होईल."

मी एकतीस वर्षांत खोट्या मापासाठी कितीतरी जणांना कोर्टात उभं केलं. कोणी म्हणे चुकून झालं, कोणी म्हणे बायकोने हलवलं. मी एकालाही सोडलं नव्हतं. त्या बाकावर मी मुरलीधररावांना श्यामलाला काही न सांगण्याचं वचन दिलं आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटत नाही.

८

पुष्करने जबाब बदलला. खटला झाला नाही. क्लबने त्याचं नाव काढून टाकलं. पोलिसांनी त्याला समज देऊन सोडलं, पण कंपनीने वर्षअखेरीस करार वाढवला नाही, आणि फेब्रुवारीत तो आणि श्रद्धा पुण्याला परत गेले. स्टेशनवर त्यांना पोचवायला मंडळाचं कोणी नव्हतं. काट्याचं वजन कोणी सरकवलं, हे पोलिसांनी विचारलं तेव्हा मुरलीधरराव म्हणाले की माझाच धक्का लागला असेल. त्यांना परवाना परत मिळाला, शिकवायची परवानगी मात्र मिळाली नाही. उपकरणं बेफिकिरीने उघड्यावर ठेवली, असं पत्रात लिहिलं होतं. देवने क्लिनिकची अपॉइंटमेंट रद्द केली आणि बापाची माफी मागितली, मोडक्यातोडक्या मराठीत.

मार्चमध्ये श्यामलाने मला जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. भिंतीवरची यादी काढून टाकलेली होती आणि तिच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन राहिला होता. मुरलीधरराव कोपऱ्यात स्टुलावर बसून कवचं मोजत होते.

"आता कोणी शिकायला येत नाही, टेबलावर धूळ बसते," ती म्हणाली. "मग मीच ठरवलं, वर्षातून एकदा कशाला, दर रविवारी पुसायचं." तिने जुन्या साडीचं फडकं घेतलं आणि प्रेसपासून सुरुवात केली.

पुसता पुसता ती पुष्करबद्दल बोलत होती. आपल्या हातची खिचडी रोज खाल्ली तरी त्याने आपल्याच माणसाचं नाव लावून धरलं. नवमीची पूजा मोडली. हत्यार आपला अपमान ठेवून घेत नाही.

"वाईट वाटतं गं," ती म्हणाली, "पण मनापासून सांगू? त्याचा डोळा गेला तो त्याच्याच हाताने गेला. देवाने बरोबर न्याय केला."

फडकं काट्याच्या दांडीवरून डावीकडून उजवीकडे फिरलं. टक असा बारीक आवाज झाला. तिने फडकं झटकलं आणि नरसाळं पुसायला घेतलं.

मी मुरलीधररावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. श्यामला विचारत होती की मी चहा घेणार की कॉफी. मी चहा म्हणाले. ती आत गेल्यावर ते स्टुलावरून उठले, एका बोटाने वजन एक खाच मागे घेतलं, पितळी वजनांची पेटी उघडली आणि काटा तपासायला बसले.